अँफोटेरिसिन-बी आणि प्रतिकारपेशी
2021 मध्ये कोविडपाठोपाठ म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराने थैमान घातले, तेव्हा नांदेड-लातूरपासून मुंबईपर्यंत अँफोटेरिसिन-बीच्या कुप्यांसाठी नातेवाइकांची धावाधाव झाली. हे औषध बुरशीच्या पेशीपटलातील एर्गोस्टेरॉलला जखडून तिला मारते. पण काम तेवढ्यावर संपत नाही. ते प्रतिकारपेशींवरील टीएलआर-2 या ग्राहीलाही चेतवते. औषध शिरेतून चढत असताना भरणारी हुडहुडी बव्हंशी त्यातूनच येते. लायपोसोमल, म्हणजे मेदकणांत गुंडाळलेल्या, रूपात हा त्रास कमी होतो. बुरशी औषधानेच मरते, मग प्रतिकारपेशींचा विचार कशाला, असा आक्षेप निघतो. तो टिकत नाही. अनियंत्रित रक्तशर्करा आणि स्टेरॉइड यांनी न्यूट्रोफिल या प्रतिकारपेशी दुबळ्या पडल्या, की योग्य मात्रा देऊनही रुग्ण दगावू शकतो. म्हणून साखर आटोक्यात आणणे आणि सडलेला भाग कापून काढणे हाही त्याच उपचाराचा भाग ठरतो.