जात्यावरची भीमओवी आणि संगणक

संगीत, अभियांत्रिकी आणि संगणक यांचा एकत्र अभ्यास म्हटले की आपल्या तरुणांना परदेशातील प्रयोगशाळा आठवतात. पण या संशोधनाचा एक मोठा अध्याय महाराष्ट्रातील बाईच्या जात्यापाशी लिहिला गेला आहे, आणि त्या अध्यायात बाबासाहेब आहेत. हे आम्हाला माहीत असायला हवे.

बर्नार्ड बेल हे मूळचे फ्रान्सचे इलेक्ट्रॉनिक अभियंते. 1980 च्या दशकात त्यांनी मानववंश-संगीतशास्त्रज्ञ जिम किपेन यांच्यासोबत 'बोल प्रोसेसर' ही संगणक प्रणाली तयार केली. लखनौ घराण्याच्या तबल्यातील कायदा कसा फुलतो, त्याचे नियम संगणकाला शिकवायचे, त्याने रचलेले बोल उस्तादांसमोर ठेवायचे आणि चुकले तर नियम सुधारायचे, अशी ती पद्धत होती. रागातील स्वरांची हालचाल मोजणाऱ्या यंत्रावरही बेल यांनी काम केले.

म्हणजे यंत्र आधी पोहोचले ते घराण्यांपर्यंत आणि रागांपर्यंत. पहाटे दळताना गाणाऱ्या बाईला कोणी कलावंत म्हणत नव्हते. तिच्या गाण्याला संगीतही म्हणत नव्हते.

हे चित्र बदलले ते पुण्यात. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ 1980 च्या दशकापासून खेड्यापाड्यांतील बायकांकडून ओव्या गोळा करत होते. गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले आणि गाणेही थांबू लागले होते. 1990 च्या दशकात बेल या कामात आले. ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले, प्रत्येक ओवीची संगणकात स्वतंत्र नोंद झाली आणि विषयवार वर्गीकरण झाले. हजाराहून अधिक गावांतील लाखाहून अधिक ओव्यांचा हा संग्रह 2017 पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहातून लोकांसमोर येत आहे.

त्यात बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरमध्ये 1996 साली ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्या आहेत. त्या बाबासाहेबांवरच्या आहेत. शाळेची पायरी न चढलेल्या पिढीतील बायांनी बुद्ध, भीम आणि रमाई यांना आपल्या घरातली माणसे मानून गायिले. ग्रंथालयात न सापडणारा आमच्या चळवळीचा इतिहास इथे सापडतो.

या नोंदींत गाणारीचे नाव आहे, गाव आहे आणि जातही आहे. काही मित्र विचारतात, जात कशाला लिहायची? आम्ही उलट विचारतो, ती नोंद नसती तर बाबासाहेबांची ओवी कोणी गायिली हे कसे कळले असते? 'महाराष्ट्राची लोकसंस्कृती' या गोड नावाखाली आमच्या आया पुन्हा बेनाम झाल्या असत्या. तिथे 'नवबौद्ध' असा शब्द आढळतो, आम्ही स्वतःला बौद्ध म्हणतो. पण या शब्दावर वाद घालता येतो तोही नोंद आहे म्हणूनच.

आता नागपूरकडे पाहू. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला भीमगीतांच्या कॅसेट विकल्या जात, पुढे सीडी आल्या, मग पेन ड्राइव्ह आले. प्रत्येक बदलात किती गाणी गळाली? किती गाण्यांवरून कवीचे नाव पुसले गेले? कव्वाली आणि जलसा गाजवणारी पिढी थकली आहे. उद्याचा संगणक जे नोंदले गेले त्यावरूनच शिकेल. जे नोंदलेच नाही, ते त्याच्या लेखी घडलेच नाही.

आमच्या वस्त्यांतून आज अभियंते निघत आहेत, समाजशास्त्र शिकलेली मुले आहेत, गाणारे तर घरोघरी आहेत. हे तिघे एका सतरंजीवर बसत नाहीत, हीच अडचण आहे. सुरुवातीला प्रयोगशाळा लागत नाही. एक मोबाइल, एक तक्ता आणि गाणाऱ्याची परवानगी पुरे. गाणे, गाणारा, रचणारा, गाव, साल आणि कोणाकडून शिकले, एवढे लिहा. ही सुरुवात आपल्या आजीपासून करा.

जय भीम!