खरेमास्तरांची लेक आणि हिंगण्याचा आश्रम

बीड जिल्ह्यातल्या आमच्या तलवाड्याहून गेवराई, नगर करत पुण्याला जाताना वाटेत शिरूर लागतं. घोडनदीकाठच्या या गावात अनंतराव खरे मास्तर होते. त्यांच्या घरात १९०५ साली जन्मलेली बाळूताई पुढे मालतीबाई बेडेकर झाली आणि मराठी वाचकांनी तिला विभावरी शिरूरकर या नावानं ओळखलं. गावाचं नाव तिनं टोपणनावात कायमचं जपलं. तिच्या लेखणीमागे दोन आधार होते, खऱ्यांचं घर आणि पुण्याजवळच्या हिंगण्याचं वसतिगृह. हिंगण्याची वाटचाल सांगताना त्या घराला वगळता येत नाही.

अनंतराव सुधारकी विचारांचे. आई इंदिराबाईंनी तर दुधाचा धंदा पंचवीसेक वर्षं सांभाळला. हे काम पहाटेच्या धारेपासून सुरू होतं. गिऱ्हाइकांचे रतीब, चाऱ्याची तजवीज, थकलेली उधारी, सगळं रोज बघावं लागतं आणि एक दिवसही सुटी मिळत नाही. आई व्यवहार करते आणि तिच्या शब्दाला घरात किंमत आहे, हे ज्या मुलीनं लहानपणी पाहिलं तिला बाईचा संसार चुलीपाशी संपतो असं कोण पटवून देणार? मुलीला न्हाण येण्याआधी उजवायची, हा त्या काळचा रिवाज. खऱ्यांनी मात्र लेकीला कोवळ्या वयात शिकायला घराबाहेर, हिंगण्याला पाठवलं. माझ्या मते त्या घराचं सगळ्यात मोठं धाडस हेच.

हिंगणं तरी तिला घ्यायला तयार कसं झालं? १८९६ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला तो विधवांसाठी. पुण्यात प्लेग आला, विधवांच्या आश्रमाला शहरात शेजार मिळणंही कठीण, म्हणून १९०० मध्ये आश्रम हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला. फर्ग्युसनमधलं गणित शिकवून झालं की कर्वे चिखल तुडवत पायी तिकडे जात. पार्वतीबाई आठवले स्वतः विधवा. त्यांनी गावोगाव फिरून आश्रमासाठी पैसा गोळा केला. १९०७ मध्ये महिला विद्यालय निघालं. कुमारिकांना शिकवावं, म्हणजे त्यांची लग्नं लांबतील, हा त्यामागचा विचार. शिरूरच्या मास्तरांच्या लेकीसाठी दार उघडलं ते इथं. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती वाचून कर्व्यांनी १९१६ मध्ये आपलंही विद्यापीठ उभं केलं आणि त्याचं शिक्षण मातृभाषेतून ठेवलं. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींची पंधरा लाखांची देणगी जाहीर झाली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचं नाव मिळालं.

त्याच वर्षांत आमचा तलवाडा निजामाच्या राज्यात होता. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं ते उर्दू माध्यमाचं. आपल्याच भाषेत पदवीपर्यंत शिकण्याची सोय इथल्या मुलीला आपल्या राज्यात नव्हती.

हिंगण्यात बाळूताईला वामन मल्हार जोशींसारखे कादंबरीकार शिक्षक म्हणून मिळाले. पुढे ती स्वतःही मुलींच्या शाळेत शिक्षिका झाली. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हे तिचं पुस्तक आलं आणि खळबळ उडाली. शिकलेल्या, कमावत्या, बिनलग्नाच्या मुलींची घुसमट त्यात उघड मांडलेली होती. अशा मुली या बाईनं बघितल्या होत्या, त्यांच्यासोबत ती वाढली होती. त्यापाठोपाठ ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी आली. पुस्तकांवर खरं नाव नव्हतं. इंग्लंडात फॅनी बर्नीनंही १७७८ मध्ये ‘एव्हलिना’ ही कादंबरी निनावीच छापली होती. तिचे वडील नावाजलेले संगीतशिक्षक, तिचं शिक्षण झालं ते बरंचसं त्यांच्या पुस्तकांत स्वतःच वाचून, आणि पंधराव्या वर्षी तिनं आपलं लेखन जाळून टाकलं होतं. बाळूताईच्या वाट्याला मात्र सोबतिणींनी भरलेली एक संस्था आली, आणि तिच्या लेखनाला जो कस आला तो त्यामुळेच, असं मला वाटतं.

बाळूताईच्या वडिलांनी उतारवयात आठवणी लिहून ठेवल्या होत्या. त्यांच्या आधारे १९५३ मध्ये तिनं ‘खरेमास्तर’ लिहिलं.

मुलीला उजवायची की शिकवायची, हा खऱ्यांच्या काळातला पेच आमच्याकडे आजही आहे. बीड जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला टोळ्या निघतात तेव्हा बारा-तेरा वर्षांच्या मुलीचं काय करायचं हा प्रश्न घरोघरी असतो. सोबत न्यायची, आजीपाशी ठेवायची की तिचं लग्न उरकून टाकायचं? हंगामी वसतिगृहात जागा मिळाली तर तिचं वर्ष वाचतं. पण कारखान्याचा पट्टा पडला की हंगाम संपतो, आणि वसतिगृहही बंद होतं. लग्नसराई नेमकी त्यानंतर, चैत्र-वैशाखात असते. मुलींची वसतिगृहं निदान त्या दोन महिन्यांत तरी उघडी हवीत.