सीतेच्या वेणीचा इतिहास आणि आपल्या घरचे ऑर्किड

गणपतीच्या मखरात हल्ली जांभळ्या-पांढऱ्या ऑर्किडची फुले हमखास दिसतात. ती लवकर कोमेजत नाहीत, म्हणून सजावट करणाऱ्यांना सोयीची. ती पाहून दरवर्षी कोणीतरी मला विचारते, "एखादे रोप घरी लावायचे म्हटले तर कोणते घ्यावे?" उत्तर देण्याआधी मी थोडा इतिहास सांगतो. कारण आपल्याकडे ऑर्किड निवडताना जी मोठी चूक होते, ती हा इतिहास माहीत नसल्यामुळे होते. मीही ती केली आहे.

ऑर्किड हे नाव परके, वनस्पती मात्र आपली. मराठीत तिला आमरी म्हणतात. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, आंबोली या पट्ट्यात मे-जूनच्या सुमारास झाडांच्या फांद्यांवर सीतेची वेणी फुलते. पांढऱ्या फुलांवर जांभळट गुलाबी ठिपके, आणि घोस वेणीसारखा खाली सुटलेला. कानडीत तिला 'सीताळे दंडे' म्हणतात. दंडे म्हणजे केसांत माळायची फुलांची माळ. आपल्या सीमाभागात दोन भाषांचे इतके एकमत क्वचितच होत असेल! आसामात हेच 'कोपौ' फूल बिहूच्या सणात स्त्रिया अंबाड्यात माळतात. ते त्या राज्याचे राज्यफूल आहे.

या फुलाची छापील नोंद तीनशे वर्षांहून जुनी आहे. कोचीनच्या डच अंमलात व्हॅन ऱ्हीड याने 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करवला. तो 1678 ते 1693 या काळात प्रसिद्ध झाला. या कामात रंगभट, विनायक पंडित आणि आप्पुभट हे तीन कोकणी वैद्य होते. त्यांचे 1675 सालचे नागरी लिपीतील कोकणी प्रशस्तिपत्र या ग्रंथात छापलेले आहे. सीतेच्या वेणीचे चित्र शेवटच्या खंडात आहे. पुढे 1753 मध्ये लिनियसने त्याच चित्राच्या आधारे तिला शास्त्रीय नाव दिले.

बेळगाव 1956 पर्यंत मुंबई इलाख्यात होते, त्यामुळे आपल्या रानाचा अभ्यास मुंबई इलाख्याच्या ग्रंथांत सापडतो. डॅलझेल आणि गिब्सन यांचा 'बॉम्बे फ्लोरा' 1861 चा. यांपैकी गिब्सन हे इलाख्याचे पहिले वनसंरक्षक. त्यानंतर पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी 1901 ते 1908 या काळात इलाख्यातील वनस्पतींचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात बेळगावचे नाव वारंवार येते.

त्याच शतकात इंग्लंडमध्ये श्रीमंतांना ऑर्किडचे वेड लागले. त्यापायी उष्ण देशांतील रानेच्या राने ओरबाडली गेली. फुलांसाठी झाडे पाडली, आणि बोटीवर चढवलेल्या रोपांतली बरीचशी वाटेतच मेली. कारण साधे होते. ऑर्किडचे बी धुळीसारखे बारीक असते आणि त्यात अन्नसाठा नसतो. विशिष्ट बुरशीची साथ मिळाल्याशिवाय ते रानात रुजत नाही. म्हणून रोपे हवी तर रानातूनच आणायची, हाच एक मार्ग लोकांना ठाऊक होता.

1922 मध्ये अमेरिकेतील नडसन या शास्त्रज्ञाने बुरशीशिवाय, साखर घातलेल्या आगरवर बी रुजवून दाखवले. 1960 मध्ये फ्रान्सच्या मोरेल यांनी कोंबाच्या टोकापासून एकसारखी रोपे करण्याची वाट दाखवली. आज रोपवाटिकेत सामान्य माणसाला परवडणारे ऑर्किड मिळते, ते या दोघांमुळे.

आता माझी चूक. डिप्लोमा करून सरकारी नोकरीला लागलो तेव्हा एका रस्त्याच्या कामावर तोडलेल्या आंब्यावर आमरीचे गड्डे दिसले. हौसेने एक घरी आणला, कुंडीत काळी माती भरून लावला आणि रोज पाणी घातले. पावसाळा संपायच्या आत मुळे कुजली. तिची मुळे मातीत नव्हे, हवेत वाढणारी. त्यांवरचे पांढरे स्पंजासारखे आवरण पाणी शोषते आणि मग त्यांना कोरडेही व्हावे लागते. आंब्याची नोंद तक्त्यात झाली होती. त्यावरच्या आमरीसाठी मात्र तक्त्यात रकाना नव्हता.

गावाकडे आमरीला बांडगूळ समजून खरवडून टाकतात. खरे तर बांडगूळ झाडाचा रस पिते, आमरी फक्त आधार घेते. गंमत म्हणजे वांडा या ऑर्किडचे शास्त्रीय नाव संस्कृत 'वन्दा'वरून, म्हणजे बांडगुळाच्याच नावावरून आलेले आहे!

तर निवड कशी करावी? रोप रोपवाटिकेतलेच घ्यावे. रानातून आणू नये आणि रानातले म्हणून कोणी विकत असेल तर घेऊ नये. पहिलेच रोप असेल तर संकरित डेंड्रोबियम घ्यावे. मखरातली फुले बहुधा याचीच असतात. सकाळचे ऊन येणारी गॅलरी त्याला पुरते. फ्लॅटमध्ये खिडकीशी, थेट ऊन नसलेल्या जागी फॅलेनॉप्सिस चालते, पण थंडीच्या रात्री ते बाहेर ठेवू नये. भरपूर उजेड आणि रोज पाणी द्यायची तयारी असेल तरच वांडा टोपलीत टांगावा. निपाणीकडे हवा कोरडी, तिथे त्याला पाणी जास्त लागते. सिंबिडियमच्या मोठ्या फुलांच्या संकरित जाती सिक्कीम-दार्जिलिंगच्या थंडीतल्या, आपल्याकडे त्या सहसा फुलत नाहीत. कुंडीत माती नको. कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे घालावेत. जुलै-ऑगस्टच्या झडीत कुंडी आडोशाला ठेवावी.

आणि ज्यांच्या परड्यात जुना आंबा किंवा फणस आहे, त्यांनी आधी फांद्यांकडे वर पाहावे. तिथे आमरी असेल तर तुमची निवड वाडवडिलांच्या काळातच होऊन गेली आहे. ती खरवडू नका, जूनची वाट पाहा.