लाकूड वाळलं, हे कळतं कसं?

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, लाकडावर काय बोलणार, असं काहींना वाटलं असेल. पण 'हे वाळलं आहे' असं आपण कशाच्या आधारावर म्हणतो, हा ज्ञानाचाच प्रश्न आहे. आणि उत्तर चुकलं की जहाजं कुजतात.

१८१० साली लंडनजवळच्या डेप्टफर्ड गोदीत 'क्वीन शार्लट' ही शंभराहून अधिक तोफांची युद्धनौका पाण्यात उतरली. युद्धाची घाई होती. लाकूड पुरतं वाळलेलं नव्हतं. कामगिरीवर जाण्याआधीच तिला बुरशीनं पोखरलं. त्याच दशकात, १८१७ मध्ये, आपल्या मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी मलबारी सागाची 'त्रिंकोमाली' बांधली. ती आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. आता सागात मुळातच तेल असतं, त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण साग तरी वाळला हे ओळखायचं कसं? ब्रह्मदेशातली रीत बघा. बुंध्याभोवती खोल खाच पाडून झाड दोन-तीन वर्षं उभंच वाळू देत. कारण ओला साग पाण्यात बुडतो, वाळलेला तरंगतो. तिथे नदी हाच तराजू होता!

खरा तराजू वापरला तो अठराव्या शतकात फ्रान्सच्या द्युआमेल द्यू मॉन्सो यांनी. ते नौदलाचे निरीक्षक. वाळत जाणारं लाकूड त्यांनी पुन्हा पुन्हा तोललं. आजची प्रमाण पद्धत त्याच वाटेवरची आहे. फळीच्या टोकाचा नव्हे, मधला तुकडा कापायचा, कारण टोकं लवकर वाळतात. लगेच तोलायचा. मग भट्टीत १०३ अंश सेल्सिअसला वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवायचा. समजा, १५० ग्रॅमचे १२० झाले. गेलं पाणी ३०. त्याला कोरड्या वजनानं, म्हणजे १२० नं भागायचं. ओलावा २५ टक्के. भागाकार कोरड्या वजनानं असल्यामुळे ताज्या लाकडात हा आकडा शंभराच्याही वर जाऊ शकतो. विसाच्या खाली आला की बुरशीचं सहसा काही चालत नाही.

१९०६ मध्ये अमेरिकेत हॅरी टीमन यांनी दाखवलं, की साधारण ३० टक्क्यांपर्यंत पेशींच्या पोकळ्यांतलं पाणी जातं; तोवर लाकूड आकसत नाही. त्याखाली पेशींच्या भिंती सुकू लागतात, आणि मग आकसणं, तडकणं सुरू होतं. १९२७ मध्ये आल्फ्रेड स्टॅम यांनी लाकडाच्या विद्युतरोधावरून ओलावा ओळखण्याची रीत मांडली. आजचे दोन टाचण्यांचे मीटर त्यातूनच आले.

इथे जरा थांबू या. मीटर पाणी मोजत नाही. वीज किती अडते ते मोजतो, आणि पाण्याचं अनुमान करतो. टाचण्या शिरतील तेवढ्याच खोलीचं, लाकडाची जात आणि तापमान धरून. जाड फळी वरून १२ टक्के दाखवते, आत २५ असू शकतात. माझंच बघा. आंब्याच्या जाड फळीचं टेबल हौसेनं करून घेतलं. वरचा आकडा बघून मी खूश! पहिल्याच उन्हाळ्यात ते मधोमध तडकलं. दोष मीटरचा नव्हता. मी त्याला विचारलेला प्रश्न अपुरा होता.

म्हणून जाणकार थप्पीत फळ्यांमध्ये पट्ट्या घालून हवा खेळती ठेवतात, आणि एक नमुना-फळी सहज काढता येईल अशी ठेवून दर काही दिवसांनी तोलतात. वजन स्थिरावलं, की लाकडाचा भोवतालच्या हवेशी समझोता झाला. पण तो त्या हवेपुरताच! कोकणात पावसाळ्यात स्थिरावलेली फळी मराठवाड्यात नेलीत, तर ती पुन्हा वाळू लागेल. तेव्हा 'वाळलं का?' एवढंच विचारू नका. 'कुठल्या हवेसाठी, आणि किती खोलवर?' हेही विचारा.