आमिष तेच, गळ गेला

उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून देवमासे आणि समुद्रपक्षी पाहायला जी बोट निघते, तिच्यावरच्या माणसांची एक ठाम समजूत असते: मारणारे गेले, त्यांच्या जागी पाहणारे आले आणि या दोघांत काहीच साम्य नाही. ही समजूत अर्धीच खरी आहे. दिवसभर लाटांवर नजर ठेवून जीव हुडकायची जी विद्या आज निसर्गप्रेमी वापरतो, ती जवळपास सगळी शिकाऱ्यांच्या हातची आहे.

आधी पक्ष्यांचे पाहू. 1880च्या दशकात कॅप्टन जोसेफ कॉलिन्स यांनी अमेरिकेच्या मत्स्य आयोगासाठी एक टिपण लिहिले. विषय होता न्यू इंग्लंडचे कॉड पकडणारे मच्छीमार समुद्रपक्षी कसे धरतात हा. आमिषाचा साठा संपला की हे लोक कॉडच्या काळजाचे तुकडे पाण्यावर फेकत. वासाने आणि एकमेकांना पाहून शिअरवॉटर हे समुद्रपक्षी गोळा होत, भांडत, बेभान होत. मग त्याच काळजाचा तुकडा गळाला लावून त्यांना ओढून घेत आणि त्यांचेच मांस कॉडसाठी गळाला लावत. आज पक्षीनिरीक्षणाच्या कित्येक बोटींच्या मागच्या टोकाला कोणीतरी माशांचे तेल आणि तुकडे सोडत बसलेला असतो. कृती तीच, फक्त गळ गेला. कोणता पक्षी आधी येतो, कोणता लांबूनच घिरट्या घालतो, हे बारकावे कॉलिन्सच्या पिढीला पोटासाठी ठाऊक होते.

देवमाशांची गोष्ट याहून कडू आहे. डोलकाठीवरचा खलाशी कोसभरावरचा फवारा पाहून जात ओळखे: राइट व्हेलचा दुभंगलेला, स्पर्म व्हेलचा पुढे डावीकडे कललेला. आजच्या मार्गदर्शकाच्या तोंडी हीच लक्षणे आहेत. चार्ल्स स्कॅमन या देवमाशांच्या शिकाऱ्याने 1857-58च्या हिवाळ्यात बाहा कॅलिफोर्नियातल्या एका खाजणात शिरून करड्या देवमाशांच्या विणीची जागा गाठली. पुढच्या काही वर्षांत ते पाणी रिकामे झाले. त्याच माणसाने 1874 साली उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सागरी सस्तन प्राण्यांवर ग्रंथ लिहिला. त्यात स्थलांतराचे महिने आहेत, माद्यांची पिल्लांवरची माया आहे आणि हा प्राणी नामशेष तर होणार नाही ना, ही शंकाही आहे. ती त्याने स्वतः कत्तल केल्यावर आली, हे विसरू नये.

यावर कोणी म्हणेल, हत्यार बदलले म्हणजे सगळेच बदलले. विद्येचा उगम शोधून काय साधते? शिवाय ज्या कायद्यांनी देवमासे वाचले, ते माणसांच्या मनात माया दाटली म्हणून झाले. दुसरा मुद्दा तारखांपुढे टिकत नाही. करड्या देवमाशांच्या व्यापारी शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी 1946च्या कराराने पक्की झाली, कारण मारायला फारसे उरलेच नव्हते. सॅन डिएगोच्या चक चेंबरलिन या मच्छीमाराने एका डॉलरच्या तिकिटावर लोकांना देवमासे दाखवायला 1955 साली सुरुवात केली. अमेरिकेचा सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा 1972चा. आधी बोट, मग चळवळ. आणि बोट कोणाची? मासे पकडणाऱ्याची. प्रॉव्हिन्सटाउनला 1975 साली देवमासे दाखवायची फेरी काढणारा अल अव्हेलारही हौशी मच्छीमारांना समुद्रावर नेणाराच होता. आपल्याकडे मालवण-तारकर्लीला डॉल्फिन दाखवणारा होडीवाला पाहिला तरी हे पटावे.

पहिला आक्षेप मात्र वजनदार आहे. शिकाऱ्याच्या ज्ञानाला एक भिंत होती. ‘डिस्कव्हरी’ मोहिमेच्या शास्त्रज्ञांनी 1930च्या दशकात अंटार्क्टिक भागात देवमाशांच्या अंगात क्रमांक कोरलेल्या धातूच्या नळ्या बंदुकीने मारल्या. देवमासा कुठून कुठे गेला, हे तो कापला गेल्यावरच कळायचे. नळी परत करणाऱ्याला बक्षीस असे. जिवंत देवमाशाचे चरित्र लिहिणे या पद्धतीत शक्यच नव्हते. ते पुढे शक्य झाले 1970च्या दशकात, हम्पबॅक जातीच्या देवमाशांच्या शेपटीच्या खालच्या बाजूचे काळे-पांढरे नक्षीकाम प्रत्येकाचे वेगळे असते, हे स्टीव्हन कॅटोना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छायाचित्रे जमवून वापरात आणले तेव्हा. ‘सॉल्ट’ नावाची मादी त्याच दशकात ओळखली गेली आणि 1980 साली पिल्लू घेऊन परतली. हे ज्ञान प्राणी मेला तर थांबते. इथे पाहणाऱ्यांनी खरोखर नवे काही केले. पण त्यासाठी लागणारी छायाचित्रे मोठ्या प्रमाणात आली ती तिकीट काढून बसलेल्या प्रवाशांच्या बोटींवरून. आणि देवमासा कुठे, कोणत्या महिन्यात, कोणत्या उथळ पाण्यावर सापडेल हे त्या बोटींच्या कप्तानांना मासेमारीतून आधीच ठाऊक होते.