अभिजात ॲनिमेशनपटांची क्रमवारी

अभिजात ॲनिमेशनपटांची क्रमवारी म्हणजे मुलांनी व मोठ्यांनी एकत्र बसून पाहावेत अशा जुन्या ॲनिमेशनपटांना (मराठीत 'सचेतनपट' असाही शब्द वापरला जातो) जाणकारांच्या मतदानातून किंवा प्रेक्षकांच्या पसंतीतून दिलेला अनुक्रम होय. या विषयावरील चर्चेत वारंवार आधार म्हणून घेतली जाणारी यादी अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूट या संस्थेने १७ जून २००८ रोजी जाहीर केली. तीत वॉल्ट डिझ्नी यांच्या 'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वॉर्फ्स' (१९३७) या चित्रपटाला पहिले स्थान मिळाले. ही यादी, तिच्या आधीची व नंतरची मतदाने आणि प्रेक्षकांच्या आठवणी यांचा मेळ बसत नसल्यामुळे श्रेष्ठ ॲनिमेशनपट कोणता, हा वाद आजही मिटलेला नाही.

२००८ ची यादी

अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने दहा चित्रपटप्रकारांतील प्रत्येकी दहा सर्वोत्तम अमेरिकी चित्रपट निवडण्यासाठी चित्रपटक्षेत्रातील कलावंत, समीक्षक व अभ्यासक अशा सुमारे १,५०० जणांचे मत मागवले. प्रत्येक प्रकारासाठी ५० चित्रपटांची मतपत्रिका होती. निकाल सीबीएस वाहिनीवरील कार्यक्रमात जाहीर झाला. ॲनिमेशन या प्रकारात 'स्नो व्हाइट'च्या खाली अनुक्रमे 'पिनोकियो' (१९४०), 'बॅम्बी' (१९४२), 'द लायन किंग' (१९९४), 'फँटेझिया' (१९४०), 'टॉय स्टोरी' (१९९५), 'ब्यूटी अँड द बीस्ट' (१९९१), 'श्रेक' (२००१), 'सिंड्रेला' (१९५०) आणि 'फाइंडिंग नीमो' (२००३) हे चित्रपट आले.

यांपैकी सात चित्रपट डिझ्नीच्या स्वतःच्या स्टुडिओत तयार झाले. दोन पिक्सारचे असून त्यांचे वितरण डिझ्नीने केले. ड्रीमवर्क्सचा 'श्रेक' हा एकमेव अपवाद, आणि तोही डिझ्नीच्या परीकथांची टिंगल करणारा. अधिक लक्षणीय बाब वर्षांची आहे. निम्मे चित्रपट १९३७ ते १९५० या काळातील आहेत, तर उरलेले निम्मे १९९१ ते २००३ या काळातील. मधल्या चार दशकांतील एकही चित्रपट यादीत नाही. त्यामुळे 'लेडी अँड द ट्रॅम्प' (१९५५), 'स्लीपिंग ब्यूटी' (१९५९), 'वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स' (१९६१) आणि 'द जंगल बुक' (१९६७) हे चारही चित्रपट बाहेर राहिले. १९८९ च्या 'द लिटल मर्मेड'ने डिझ्नीच्या पुनरुज्जीवनाची सुरुवात केली असे मानले जाते. तोही या दहांत नाही.

याच संस्थेच्या अन्य याद्यांशी तुलना केल्यास विसंगती स्पष्ट दिसते. १९९८ मध्ये निवडलेल्या शंभर सर्वोत्तम अमेरिकी चित्रपटांत 'स्नो व्हाइट' ४९ व्या व 'फँटेझिया' ५८ व्या स्थानी होता. २००७ मध्ये ती यादी नव्याने करण्यात आली, तेव्हा 'स्नो व्हाइट' ३४ व्या स्थानी चढला, 'फँटेझिया' बाहेर पडला आणि 'टॉय स्टोरी'ला ९९ वे स्थान मिळाले. पुढच्याच वर्षी ॲनिमेशनच्या यादीत मात्र 'फँटेझिया' 'टॉय स्टोरी'च्या वर आला. इतकेच नव्हे, तर शंभरांत स्थान नसलेले 'पिनोकियो', 'बॅम्बी' व 'द लायन किंग' हेही 'टॉय स्टोरी'च्या पुढे गेले. एका वर्षात चित्रपट बदलले नव्हते, प्रश्न बदलला होता. 'उत्तम चित्रपट कोणता' आणि 'उत्तम ॲनिमेशनपट कोणता' हे दोन प्रश्न मतदारांना वेगळे वाटतात, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

'स्नो व्हाइट'चा दावा

'स्नो व्हाइट'च्या पहिल्या क्रमांकामागे ऐतिहासिक महत्त्वाचा वाटा मोठा आहे. निर्मिती चालू असताना हॉलिवूडमध्ये या प्रकल्पाला 'डिझ्नीचा वेडेपणा' म्हणून हिणवले जात होते. सात-आठ मिनिटांच्या विनोदी व्यंगपटांना सरावलेला प्रेक्षक रंगवलेल्या चित्रांकडे तासाहून अधिक काळ पाहत बसेल, यावर चित्रपटव्यवसायाचा विश्वास नव्हता. सुमारे १५ लाख डॉलर खर्चून तयार झालेला हा चित्रपट २१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिसच्या कार्थे सर्कल चित्रगृहात प्रथम दाखवण्यात आला व त्याने अफाट कमाई केली. १९३९ च्या ऑस्कर समारंभात डिझ्नी यांना एक पूर्ण आकाराची व सात छोट्या बाहुल्यांची विशेष ऑस्कर देण्यात आली. ती बालकलाकार शर्ली टेंपल हिच्या हस्ते.

या चित्रपटाला पुष्कळदा 'जगातील पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट' म्हटले जाते, ते बरोबर नाही. अर्जेंटिनात किरिनो क्रिस्तियानी यांनी १९१७ मध्येच 'एल अपोस्तोल' केला होता; त्याची प्रत आज अस्तित्वात नाही. जर्मनीतील लोटे रायनिगर यांनी काळ्या कागदाच्या कातरलेल्या आकृत्यांतून साकारलेला 'राजपुत्र अहमदची साहसे' हा १९२६ चा चित्रपट उपलब्ध असलेल्यांमध्ये सर्वांत जुना आहे. 'स्नो व्हाइट' अमेरिकेतील व पारदर्शक पत्र्यांवर रंगवलेल्या चित्रांच्या पद्धतीने केलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट होय, एवढाच दावा टिकतो.

कारागिरीच्या निकषावर अनेक समीक्षक व ॲनिमेटर 'पिनोकियो'ला वरचे स्थान देतात. चित्रांचे थर वेगवेगळ्या अंतरावर ठेवून खोली निर्माण करणाऱ्या मल्टिप्लेन कॅमेऱ्याचा त्यातील वापर, पाण्याचे चित्रण व मॉन्स्ट्रो या देवमाशाचा पाठलाग ही दृश्ये हाताने रेखाटलेल्या ॲनिमेशनची परिसीमा मानली जातात. सर्वोत्तम गीत व सर्वोत्तम संगीत अशी दोन ऑस्कर त्याला मिळाली. तरीही पहिल्या प्रदर्शनात तो तोट्यात गेला, कारण दुसऱ्या महायुद्धामुळे युरोपची बाजारपेठ बंद झाली होती. 'बॅम्बी'चा पक्ष घेणारे लोक चिनी वंशाचे चित्रकार टायरस वाँग यांच्या पार्श्वचित्रांकडे बोट दाखवतात. पानन् पान रेखाटण्याऐवजी धुके, प्रकाश व रंगाच्या फटकाऱ्यांतून जंगल सूचित करण्याची त्यांची रीत चिनी निसर्गचित्रांतून आली होती.

पुनःप्रदर्शन आणि स्मृती

पसंतीच्या याद्या बनवणाऱ्यांनी हे चित्रपट केव्हा व कोठे पाहिले, याचा क्रमवारीवर मोठा परिणाम होतो. डिझ्नी कंपनी आपले जुने चित्रपट काही वर्षे बाजारातून मागे घेऊन नव्या पिढीसाठी पुन्हा प्रदर्शित करीत असे. 'स्नो व्हाइट' १९४४ पासून १९९३ पर्यंत अनेकदा चित्रगृहांत परतला. म्हणून आजोबा, वडील व नातू यांची बालपणीची आठवण एकाच चित्रपटाशी जोडली जाऊ शकली. इतर स्टुडिओंच्या ॲनिमेशनपटांना असे भाग्य लाभले नाही. पुढे घरगुती व्हिडिओ कॅसेटने ही स्थिती पालटली. १९९० च्या दशकात वाढलेल्या मुलांनी 'द लायन किंग' वा 'ब्यूटी अँड द बीस्ट' यांची पारायणे केली, आणि तीच मुले पुढे समीक्षक व मतदार झाली.

काळाने निकाल फिरवल्याची उदाहरणेही आहेत. 'फँटेझिया' १९४० मध्ये विशेष ध्वनियंत्रणेसह मोजक्याच शहरांत दाखवता आला व त्याचा खर्च निघाला नाही; १९६९ च्या पुनःप्रदर्शनात मात्र तरुणांनी त्याला उचलून धरले. ७० मिलिमीटर पटासाठी आयविंड अर्ल यांच्या मध्ययुगीन धाटणीच्या पार्श्वचित्रांनी सजलेला 'स्लीपिंग ब्यूटी' आरंभी नुकसानीत गेला आणि आज शैलीचा मानदंड समजला जातो. ब्रॅड बर्ड यांचा 'द आयर्न जायंट' (१९९९) चित्रगृहांत कोसळला होता. नंतर त्याचा चाहतावर्ग वाढत गेला.

अमेरिकेबाहेरील चित्रपट

अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या यादीवरील सर्वांत सबळ आक्षेप तिच्या नियमाबद्दलचा आहे. केवळ अमेरिकी चित्रपट विचारात घेतल्यामुळे जपानमधील स्टुडिओ जिब्ली तिच्यातून आपोआप वगळला गेला. हायाओ मियाझाकी यांच्या 'स्पिरिटेड अवे' (२००१) या चित्रपटाने २००२ मध्ये बर्लिन महोत्सवात सुवर्ण अस्वल पुरस्कार विभागून मिळवला व पुढच्या वर्षी सर्वोत्तम ॲनिमेशनपटाचे ऑस्करही. बीबीसीने २०१६ मध्ये एकविसाव्या शतकातील सर्वोत्तम चित्रपटांसाठी समीक्षकांचे मतदान घेतले, त्यात तो चौथा आला. 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश नियतकालिकाच्या २०२२ च्या जागतिक मतदानात तो व मियाझाकींचाच 'माय नेबर टोटोरो' (१९८८) पहिल्या शंभरांत होते. 'स्नो व्हाइट' व 'पिनोकियो' नव्हते. मतदारवर्ग जागतिक झाला की डिझ्नीचे सुवर्णयुग मागे पडते, असे यावरून दिसते.

लांबीची अट काढून टाकली, तर चित्र आणखी बदलते. १९८४ मध्ये लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या निमित्ताने झालेल्या मतदानात सोव्हिएत दिग्दर्शक युरी नॉर्स्टाइन यांच्या सुमारे अर्ध्या तासाच्या 'कथांची कथा' (१९७९) या लघुपटाला सर्वश्रेष्ठ ठरवण्यात आले. १९९४ मध्ये जेरी बेक यांनी ॲनिमेशन व्यावसायिकांची मते घेऊन संपादित केलेल्या पन्नास श्रेष्ठ व्यंगपटांच्या पुस्तकात चक जोन्स यांचा, बग्ज बनी असलेला 'व्हॉट्स ऑपेरा, डॉक?' (१९५७) पहिला आहे. तो सात मिनिटांहूनही छोटा आहे.

'कौटुंबिक' या शब्दाचा प्रश्न

कोणता चित्रपट मुलांसह पाहण्याजोगा, यावर एकमत नाही. 'बॅम्बी'तील आईचा मृत्यू पडद्यावर प्रत्यक्ष दिसत नाही. केवळ बंदुकीचा आवाज ऐकू येतो. तरीही पिढ्यान्‌पिढ्या मुले त्या दृश्याने हादरली आहेत. ब्रिटनमध्ये सशांच्या कळपाची कथा सांगणाऱ्या 'वॉटरशिप डाउन' (१९७८) या चित्रपटाला सर्वांसाठी योग्य असे प्रमाणपत्र मिळाले होते. त्यातील रक्तपाताबद्दल पालकांच्या तक्रारी येत राहिल्या आणि चार दशकांहून अधिक काळानंतर ते बदलून पालकांच्या मार्गदर्शनाची सूचना जोडण्यात आली. जपानमध्ये १६ एप्रिल १९८८ रोजी 'माय नेबर टोटोरो' आणि इसाओ ताकाहाता यांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' हे दोन चित्रपट एकाच खेळात जोडीने प्रदर्शित झाले. पहिला बालपणाच्या आनंदाचा, दुसरा युद्धात उपासमारीने मरणाऱ्या भावंडांचा. कौटुंबिक याद्यांत पहिला जवळजवळ नेहमी असतो. दुसऱ्याला श्रेष्ठ मानणारेही तो तेथे सुचवताना कचरतात.

येथे एक गोष्ट सहज नजरेआड होते. या सर्व मतदानांत मत देणारे प्रौढ असतात. ज्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे चित्रपट बनवले, ती मुले कोठेही मतदार नाहीत.

जुन्या चित्रपटांतील वंशविषयक चित्रणही वादात आहे. 'फँटेझिया'तील कृष्णवर्णीय दासीचे पात्र १९६९ च्या पुनःप्रदर्शनापासून कापण्यात आले. 'डम्बो'तील (१९४१) कावळे व 'पीटर पॅन'मधील (१९५३) मूळ अमेरिकी रहिवाशांचे विडंबन यांबाबत डिझ्नीच्या स्ट्रीमिंग सेवेवर सूचना जोडण्यात आली आहे. 'द लायन किंग'चे ओसामू तेझुका यांच्या 'किम्बा' या सिंहाच्या छाव्याच्या मालिकेशी असलेले साम्य जपानी चित्रकारांनी निदर्शनास आणले होते. निर्मात्यांनी अनुकरणाचा आरोप नाकारला.

'द जंगल बुक' आणि भारतीय प्रेक्षक

वॉल्ट डिझ्नी यांनी स्वतः लक्ष घातलेल्या अखेरच्या चित्रपटांत 'द जंगल बुक'ची गणना होते. त्यांच्या मृत्यूनंतर दहा महिन्यांनी, ऑक्टोबर १९६७ मध्ये तो प्रदर्शित झाला. जर्मनीत सर्वाधिक प्रेक्षकसंख्या लाभलेल्या चित्रपटांत तो मोडतो. किपलिंग यांची मूळ कथा विदर्भाला लागून असलेल्या सिवनीच्या डोंगरांत घडते. असे असूनही १९९० च्या दशकात वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला मोगली म्हटले की बहुधा हा चित्रपट आठवत नाही. त्याला आठवते ती निप्पॉन ॲनिमेशन या जपानी कंपनीची ५२ भागांची मालिका. ती दूरदर्शनवर हिंदीत दाखवली गेली. तिचे शीर्षकगीत गुलजार यांनी लिहिले, त्याला विशाल भारद्वाज यांनी संगीत दिले आणि शेरखानला नाना पाटेकर यांनी आवाज दिला. नाना पाटेकरांचा शेरखान ऐकलेल्यांना डिझ्नीचा शेरखान जरा सौम्यच वाटतो, ही तक्रार समजण्याजोगी आहे.

भारतीय चित्रपट या जागतिक याद्यांत नसतात. दादासाहेब फाळके यांचा 'आगकाड्यांची मौज' आणि पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा 'जंबूकाका' (१९३४) हे आरंभीचे प्रयत्न लघुपट होते. युगो साको व राम मोहन यांच्या सहभागाने १९९० च्या दशकाच्या आरंभी तयार झालेला 'रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम' हा भारत-जपान सहनिर्मित चित्रपट भारतात प्रामुख्याने दूरचित्रवाणीवरून पाहिला गेला. घरोघरी बालपणीचा आवडता ठरलेला हा चित्रपट देशभरातील चित्रगृहांत २४ जानेवारी २०२५ रोजी लागला, तेव्हा त्याचे पहिले प्रेक्षक आपल्या मुलांना घेऊन गेले.