आणे, पैसे आणि कसर : खानदेशातील रोख व्यवहारांच्या पूर्णांकनाचा एक विचार

एखादे नाणे सरकारी हुकुमाने चलनातून काढून टाकता येते; परंतु त्या नाण्याने मोजली जाणारी किंमत त्याबरोबर नाहीशी होत नाही. ती हिशेबात शिल्लक राहते आणि देणारा व घेणारा यांपैकी कोणाच्या तरी माथी बसते. ह्या शिल्लक अंशास मराठी जमाखर्चात ‘कसर’ असे नाव आहे. शब्द मूळचा अरबी असून त्याचा अर्थ तुकडा, अपूर्णांक. सहकारी संस्थांच्या खतावणीत ‘वटाव-कसर’ हे खाते आजही आढळते. ‘काटकसर’, ‘कसर भरून काढणे’ हे प्रयोग त्याच कुळातले आहेत. (कपड्यांस आणि ग्रंथांस लागणारी कसर निराळी की हीच, ह्याचा निवाडा व्युत्पत्तिकारांनी करावा, कारकुनास मात्र दोन्ही सारख्याच कुरतडणाऱ्या वाटत असाव्यात.) लहान नाणी मागे पडली की रोख रक्कम जवळच्या नाण्यावर आणावी लागते. ह्या क्रियेस आपण पूर्णांकन म्हणू. पूर्णांकनात कसर कोणाच्या पदरी पडली आणि भाषेने तिची नोंद कशी ठेवली, ह्याचा विचार जळगाव व धुळे ह्या दोन जिल्ह्यांच्या निमित्ताने करावयाचा आहे.

खानदेशास नाण्यांचे रूपांतर नवे नाही. १६०१ साली अशीरगड पडला, फारुकींचे राज्य अकबराकडे गेले आणि शाहजादा दानियाल याच्या नावावरून सुभ्यास ‘दानदेश’ हे नाव मिळाले. ‘ऐन-इ-अकबरी’त ह्या सुभ्याचा वसूल १,२६,४७,०६२ टंके असा दिला आहे. हे टंके वऱ्हाडी होते आणि एक टंका चोवीस दामांचा धरलेला होता. अशीरगड घेतल्यावर ह्या आकारणीत निम्म्याने वाढ करण्यात आली आणि एकूण आकडा ४५,५२,९४,२३२ दाम असा मांडण्यात आला. वाचकांनी हा गुणाकार स्वतः करून पाहावा. एका दामाचीही कसर उरत नाही. चोवीस ही संख्याच अशी आहे, की तिची दीडपट केली तरी पूर्णांक राहतो. पण तीच रक्कम चाळीस दामांच्या रुपयांत नेली, की १,१३,८२,३५५ रुपये होऊन बत्तीस दाम उरतात. कसर उरणे किंवा न उरणे हे रकमेच्या लहानमोठेपणावर अवलंबून नसून दोन मापांच्या नात्यावर अवलंबून असते, एवढेच येथे लक्षात घ्यावयाचे. पुढील विवेचनाचा सर्व भार ह्याच गोष्टीवर आहे. ‘टंका’ हा शब्द पुढे ‘टका’, ‘टक्का’ होऊन शेकड्याच्या हिशेबात जाऊन बसला आणि ‘दाम’ हा किंमत ह्या अर्थाने सर्वत्र राहिला. नाणी गेली तरी त्यांची नावे अशी दुसऱ्या कामावर रुजू होतात.

मराठेशाहीत चांदवडच्या टांकसाळीचे रुपये ह्या भागात चालत. त्यांखेरीज इतर टांकसाळींचेही येत. एका रुपयाचे दुसऱ्या रुपयात रूपांतर करताना सराफ जो ‘बट्टा’ घेई, ती कसरच होय. फरक एवढाच, की तिचा दर सराफ ठरवी. ‘नावाला बट्टा लागणे’ ह्या प्रयोगात सराफाचे दुकान आजही उघडे आहे. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेला आणि १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात एकच रुपया ठरला. सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै अशी त्याची विभागणी होती. ही विभागणी मराठी भाषेच्या प्रकृतीस फार मानवणारी होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. आपली अपूर्णांकवाचक शब्दव्यवस्था मूलतः चौथाईची आहे : पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. मोडी दफ्तरांत पूर्णांकापुढे एक, दोन वा तीन उभ्या रेघा ओढून पाव, अर्धा, पाऊण दाखवीत, तीही चौथाईच. नाण्यांची लोकनामे पाहावीत : चार आण्यांची ‘पावली’, आठ आण्यांची ‘अधेली’. दोन आण्यांच्या नाण्यास ‘चवली’ म्हणत, आणि दोन पैशांचा जाड तांब्याचा तुकडा ‘ढब्बू’. हा ढब्बू आता केवळ मिरचीत उरला आहे.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर भाग झाले. १९५५ साली दुरुस्त झालेल्या नाणेविषयक कायद्याने जुनी नाणी काही काळ चालू ठेवली आणि त्यांच्या रूपांतराचा नियम घालून दिला. एका व्यवहारात दिलेले जुने नाणे किंवा नाणी ह्यांची किंमत सर्वांत जवळच्या नव्या नाण्याइतकी धरावी. आणि वरचे व खालचे नवे नाणे सारख्याच अंतरावर असेल, तर खालचे धरावे. नियम वाचताना समतोल वाटतो. प्रत्येक नाण्यास तो लावून पाहिला, की निराळे चित्र दिसते.

एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, नियमाने सहा. अर्धा आणा म्हणजे तीन पूर्णांक एक अष्टमांश, नियमाने तीन. चवली साडेबारा, म्हणजे बरोबर मध्यावर, नियमाने बारा. आता ही नाणी एकेक करून वेगवेगळ्या व्यवहारांत दिली तर रुपयाचे किती होतात ते पाहावे. सोळा आण्यांचे शहाण्णव, बत्तीस अर्ध्या आण्यांचे शहाण्णव आणि आठ चवल्यांचेही शहाण्णव. तिन्ही वाटांनी चार नवे पैसे गळतात. उलट जुना पैसा दीडाहून किंचित अधिक, म्हणून नियमाने दोन नव्या पैशांचा. असे चौसष्ट पैसे एकेक करून दिले तर एकशे अठ्ठावीस होतात. पैची तर आणखी गंमत. तिची किंमत अर्ध्या नव्या पैशाहून जेमतेम अधिक. तरी ‘सर्वांत जवळचे’ नाणे एक नवा पैसाच, म्हणून एकशे ब्याण्णव पैंचे एकशे ब्याण्णव नवे पैसे. कागदावर रुपया जवळजवळ दुप्पट झाला. केवळ पावली आणि अधेली ह्यांना नियमाचा स्पर्श होत नाही. त्या पंचवीस आणि पन्नास ह्यांवर बिनचूक बसतात.

मध्यावर पडणाऱ्या रकमेसाठी कायद्यात जे खास कलमवाक्य घातले होते, ते रुपयाच्या आत नेमके चार ठिकाणी लागू पडते : दोन, सहा, दहा आणि चौदा आणे. पैपर्यंत उतरून शोधले तरी पाचवे ठिकाण सापडत नाही. म्हणजे ते वाक्य व्यवहारतः चवलीसाठीच लिहिले गेले होते, आणि त्याने कौल चवली देणाऱ्याच्या विरुद्ध दिला. टपालखात्याचा प्रघात ह्याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. १९५७ च्या भारताच्या नकाशाच्या तिकीटमालेत तेरा नव्या पैशांचे तिकीट होते, बाराचे नव्हते.

‘एका व्यवहारात’ हे शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. चार आणे एकदम देणाऱ्यास पंचवीस नव्या पैशांचे मोल मिळे. तेच चार आणे चार वेळा देणाऱ्यास चोवीसांचे. महिन्याचा किराणा एकदम भरणारे घर आणि रोजच्या मजुरीतून एका आण्याचे तेल, एका आण्याचे मीठ घेणारे घर ह्यांत कायद्याने भेद केला नव्हता. गणिताने तो केला. दुकानदाराच्या बाजूनेही हेच. एका आण्याच्या वस्तूचा भाव सहा नवे पैसे ठेवला तर शेकडा चार सुटतात, सात ठेवला तर शेकडा बारा अधिक मिळतात. मधली जागा नाही. रुपयाच्या वस्तूस हा प्रश्नच पडत नाही. पूर्णांकनाचा भार वस्तू जितकी स्वस्त तितका अधिक असतो, आणि स्वस्त वस्तू वारंवार कोण घेतो हे आठवडी बाजार पाहणाऱ्यास सांगावयास नको. खानदेशासारख्या प्रदेशात, जेथे कापूस खंडीच्या हिशेबाने विकला जातो आणि तो वेचणारी मजूर मीठमिरची चिमटीच्या हिशेबाने घेते, तेथे एकाच कायद्याखाली दोन गणिते चालावीत हे साहजिक होते.

आता शब्दांकडे वळू. नव्या नाण्यास ‘नया पैसा’ हे हिंदी नाव मिळाले आणि त्याच्या अर्थाबद्दल घोटाळा होऊ नये म्हणून नाण्यावरच ‘रुपये का सौवाँ भाग’ असे कोरण्यात आले. शब्दाचा अर्थ शब्दाच्याच अंगावर कोरावा लागणे, हे नाणेशास्त्रापेक्षा कोशकारास अधिक परिचयाचे आहे. ‘पैसा’ ह्या एका शब्दाची किंमत एका दिवसात शेकडा छत्तीसांनी उतरली होती. १ जून १९६४ रोजी ‘नया’ हे विशेषण गळाले. तोवर जुना पैसा व्यवहारातून इतका दूर गेला होता, की भेद दाखविण्याची गरज उरली नव्हती.

परंतु आणे गेले नाहीत. म्हणजे सगळे गेले नाहीत. पंचवीस पैशांस ‘चार आणे’, पन्नासांस ‘आठ आणे’, पंचाहत्तरांस ‘बारा आणे’ असे म्हणणे दशमान पद्धतीनंतरही पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिले. अहिराणीत णकाराच्या जागी नकार येतो, म्हणून तेथे ‘चार आना’, ‘आठ आना’. बाजारात ‘कितलाले’ अशी पृच्छा झाली की उत्तर ह्याच मापात येई. मात्र ‘एक आणा’, ‘तीन आणे’, ‘सहा आणे’, ‘दहा आणे’ हे भाव लोपले. ह्याचे कारण सवयीचा चिवटपणा असे सांगण्यात येते. ते पुरेसे नाही. सवय सोळाही आण्यांची सारखीच होती. जे शब्द टिकले ते सर्व चाराच्या पटीतले आहेत, आणि चाराच्या पटीतच कसर उरत नाही. जेथे रूपांतर निःशेष झाले तेथे जुने नाव नव्या किमतीवर जसेच्या तसे बसले. जेथे पूर्णांकन करावे लागले तेथे नाव आणि किंमत ह्यांत फट पडली आणि नाव त्या फटीत गेले. त्यातच हे टिकलेले शब्द पाव, अर्धा, पाऊण ह्या चौथाईशी जुळणारे, म्हणून भाषेचे अंगचे बळही त्यांच्या पाठीशी होते. म्हणींकडे पाहिले तरी ‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ आणि ‘सोळा आणे खरे’. चवली राहिली ती ‘चवली-पावली’ ह्या जोडशब्दात, पावलीच्या आधाराने.

तळाच्या नाण्यांची गोष्ट वेगळी. कवडी, दमडी, छदाम, दिडकी ह्यांना किंमत उरली नाही म्हणूनच ती ‘काहीच नाही’ हे सांगण्यास उपयोगी पडली, आणि ‘एक नया पैसाही देणार नाही’ ह्या वाक्यात नया पैसाही त्यांच्या पंक्तीस जाऊन बसला. दहा आणि वीस पैशांना मात्र असे स्थान मिळाले नाही. ती ना तळाची, ना चौथाईची.

२० डिसेंबर २०१० च्या अधिसूचनेने पंचवीस पैसे व त्याखालील सर्व नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. चार आणे अखेर नाण्यावाचून झाले, आणि त्यांच्याबरोबर बारा आणेही. कारण अधेलीत पावली मिळविल्याशिवाय ते पुरे होत नाहीत. पन्नास पैशांचे नाणे २०११ च्या नाणे कायद्याने दहा रुपयांपर्यंतच्या देण्यास कायदेशीर ठरविले. दुकानात मात्र ते पुढे केले असता घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर कायदा दिसत नाही. सुट्ट्यांऐवजी गोळी हातावर ठेवण्याची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. ह्या रीतीत पूर्णांकन नेहमी एकाच बाजूस होते, कारण ग्राहकाने दुकानदारास गोळ्या देण्याची सोय नाही.

२०१७ च्या वस्तू व सेवा कर कायद्याने कराची रक्कम जवळच्या रुपयावर आणावयास सांगितले आणि पन्नास वा अधिक पैसे असल्यास वरचा रुपया धरावयास सांगितले. १९५७ साली मध्यावरची रक्कम खाली जात असे. साठ वर्षांनी ती वर जाऊ लागली. दोन्ही वेळी हिशेबाची सोय हेच प्रयोजन होते. तरी १९५७ चा अर्धा पैसा नाणे देणाऱ्याने सोसला आणि २०१७ चा अर्धा रुपया कर देणाऱ्याने. जून २०१८ मध्ये राज्य परिवहन महामंडळाने भाडे पाच रुपयांच्या पटीत आणले. सात रुपये होत असल्यास पाच घ्यावयाचे, आठ होत असल्यास दहा. धुळ्याहून पारोळा-एरंडोलमार्गे जळगावास जाणाऱ्या उतारूस ह्यात तोटा किंवा नफा अधिकांत अधिक दोन रुपयांचा. पण एखाद्या टप्प्यावरच उतरणाऱ्यास तेच दोन रुपये भाड्याच्या चौथाईहून अधिक पडू शकत. गणिताच्या दृष्टीने हा नियम निर्दोष आहे, कारण पूर्ण रुपयांची रक्कम पाचाच्या दोन पटींच्या बरोबर मध्यावर कधीच पडत नाही. चवलीचा प्रश्न येथे उद्भवतच नाही.

भ्रमणध्वनीवरून पैसे देण्याची युपीआय ही पद्धत २०१६ पासून आली. तीत रक्कम पैशापर्यंत बिनचूक देता येते आणि पूर्णांकन हा केवळ रोखीचा प्रश्न उरतो. जळगावच्या बाजारात सदतीस पैसे पुन्हा एकदा चुकते करता येतात. १९५७ च्या नियमाने सहा आण्यांचे नेमके तेवढेच होत. पण त्यांना सहा आणे म्हणणारे आता कोणी नाही.